पाचव्या माशाचं पोट

तिचा फायदा काय होता ते आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे ती इतकी का धास्तावली होती हे पुढे वेगळं समजवायला नको. मामांच्या शोभेच्या माशांच्या दुकानामागची खोली, त्या खोलीतल्या दहा टाक्या, आणि त्या टाक्यांत काय वाढवायचं हे स्वतः ठरवायचा हक्क. एवढंच. पण या एवढ्यासाठी तिने दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ ओल्या बाह्यांनी काढली होती.

मामा तीस वर्षं समुद्रातून पकडून आणलेले मासे विकत होते. भाचीने मात्र मागच्या खोलीत चक्क मासे जन्माला घातले. मँडरिन नावाचे, करंगळीएवढे, अंगावर निळ्या-नारिंगी वेलबुट्ट्या काढल्यासारखे. हा मासा दिसायला जितका देखणा तितका खायला नखरेल. समुद्रात दिवसभर दगडादगडावर फिरून हलणारे बारीक जीव टिपत बसतो. न हलणारा दाणा समोर ठेवला तर आपल्याला कोणी बोलावलंच नाही अशा थाटात निघून जातो. पकडून आणलेले बहुतेक असेच उपाशी मरायचे. तिने टाकीत जन्मलेल्या पिल्लांना मात्र आधी जिवंत, मग गोठवलेलं, मग कोरडा दाणा असं करत करत दाणा खायला शिकवलं होतं.

मामांचं भाचीवर फार प्रेम. पण टाकीवरचा हात ते सहजी काढणारे नव्हते. ते म्हणाले, तुझ्या हातून खातात त्यात काय मोठं? परक्या घरी, परक्या हातून खाऊ देत. दातांच्या डॉक्टरीणबाईंना त्यांच्या दवाखान्यात पाच मासे हवे आहेत. पंधराव्या दिवशी संध्याकाळी मी येतो. पाचही माझ्यादेखत दाणा खाताना दिसले तर खोली तुझी. नाहीतर खोलीत दगड-वाळूची पोती आणि तू पुढे गल्ल्यावर.

तर पहिल्या दिवशी सकाळी आठला ती थर्माकोलचा खोका छातीशी धरून दवाखान्याच्या दारात उभी होती. दात इतके आवळलेले की जबडा दुखत होता. दार उघडलं ते एका उंच, किडकिडीत माणसाने. कोपरापर्यंत पांढरं प्लास्टर, केसांत पांढरी पूड, कानामागे पेन्सिल. त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि अतिशय मायेने विचारलं,

"वरची की खालची?"

"पाच आहेत," ती म्हणाली. तिचं लक्ष खोक्यात होतं.

"पाच? एकदम?" त्याने दार पूर्ण उघडलं. "या, बसा. डॉक्टर नऊला येतात. पाच म्हटल्यावर... काढूनच टाकायचे असतील ना?"

"काढायचे नाहीत, सोडायचेत. हळूहळू. अर्धा तास तरी लागेल. आणि खाताहेत का बघायचंय."

तो तिच्याकडे पाहत राहिला. मग खोक्याकडे. मग कोपऱ्यातल्या रिकाम्या, निळ्या उजेडाच्या टाकीकडे. आणि असा काही हसला की केसांतली पूड खांद्यावर सांडली. तिला हसू आलं नाही. पण त्याच्या खांद्यावरची पूड तिने पाहिली, आणि पाहिली हे त्याने पाहिलं. हिशेबात ही नोंद पहिल्या दिवसाची.

तो कवळ्या बनवायचा. दवाखान्याच्या मागे पडद्याआड त्याची खोली होती; तिथे फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, लवंगतेलाचा वास, आणि दिवसभर घरघरणारा कॉम्प्रेसर. प्लास्टर वाळायला वेळ लागतो म्हणून तो सर्वांच्या आधी येऊन दार उघडायचा. त्यामुळे पंप बंद करायचं काम आपसूक त्याच्याकडे आलं. दाणा घालताना पाणी शांत लागतं, नाहीतर दाणा वाहून जातो. आणि पंपाचं बटण टाकीपासून पार दुसऱ्या भिंतीला. ती वाकून काचेच्या बशीत दाणे सोडायची, हात वर करायची, तो बटण दाबायचा. मग दोघं काचेला नाक लावून दहा मिनिटं बसायची. ती एका बाजूने, तो दुसऱ्या बाजूने. मधे पाणी, आणि पाण्यात पाच हट्टी जीव.

पहिल्या दिवशी कोणीच खाल्लं नाही. जागा नवी म्हणून, असं ती धरून चालली. दुसऱ्या दिवशीही नाही. मामांचा संध्याकाळी फोन यायचा, त्यात एकच शब्द असायचा — "खाल्लं?" — आणि तिचाही एकच — "नाही." पुढे मामा श्वास सोडायचे. तो श्वास तिला रात्रभर पुरायचा.

तिसऱ्या दिवशी ती बशीकडे एकटक पाहत असताना तो पलीकडून म्हणाला, "मासेवाल्या बाई, एक बोलू?"

"मासेवाली बाजारात बसते. मी मासे वाढवते."

"बरं. मासे वाढवणाऱ्या बाई. नवी कवळी बसवली की माणूस आठ दिवस जेवत नाही. समोर ताट असतं, भूक असते, पण तोंडात काहीतरी परकं आहे म्हणून रुसून बसतो. मी सांगतो, आधी पातळ, मग मऊ, मग घट्ट. घाई केली की कवळी डबीत जाते ती कायमची."

"मी तेच केलंय," ती म्हणाली. "तीन महिने. घरी खात होते हो... माझ्या हातून टपाटप खात होते."

तिचा आवाज शेवटी जरा कापला. त्याने विनोद करायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. आणि म्हणाला की उद्या बशी जरा दगडाजवळ ठेवून बघू.

बशी दगडाजवळ ठेवली. मग सावलीत ठेवली. मग बशी बदलली. चौथ्या दिवसापासून ती वहीत प्रत्येक माशाचं पोट काढू लागली, कारण मँडरिन उपाशी आहे की नाही हे पोटावरून कळतं. पोट आत गेलं, डोक्यामागे खळगी पडली, की पुढचे दिवस मोजायचे. पाचवा सर्वांत लहान, तो दगडाच्या कपारीतच बसून असायचा. वहीत त्याचं पोट काढताना तिची पेन्सिल दर वेळी थोडी आत वळायची.

या सगळ्यात ती दोघं बोलतही होती, हे मान्य करायला हवं. त्याने विचारलं की माशांना नावं का नाहीत, तर ती म्हणाली नाव दिलं की जीव जडतो, मग विकता येत नाही. तो म्हणाला कवळ्यांनाही तो नंबरच देतो, त्याच कारणाने. तिने विचारलं, कवळीवर जीव जडतो? तो म्हणाला, जिच्यावर पंधरा दिवस काम केलं ती दुसऱ्याच्या तोंडात जाताना बघवत नाही. हे ऐकून ती चक्क हसली... आणि आपण हसलो याची तिलाच धास्ती वाटली. इथे खोली हातची जायची वेळ आली आहे, आणि आपण हसतोय काय?

सहावा, सातवा, आठवा दिवस. बशीतला दाणा जसाच्या तसा. पाचही मासे बशीवरून फिरत, खाली बघत, आणि पोट भरलेल्या पाहुण्यासारखे पुढे सरकत. मामांनी दगड-वाळूच्या पोत्यांची मागणी नोंदवून टाकल्याचं तिला दुकानातल्या माणसाकडून कळलं.  जेवण तिलाही जाईना.

दहाव्या दिवशी वही चाळताना ती थबकली.

चौथ्या दिवसाची पोटं आत गेलेली. सहाव्याची सपाट. नवव्याची... गोल. तिने पुन्हा पाहिलं. पाचही मासे पाच दिवसांत भरले होते, आणि एकाही माशाने एकही दाणा उचललेला नव्हता. जमा आहे आणि आवक नाही, असं कुठल्याच वहीत होत नाही.

ती टाकीजवळ गेली. पाण्याच्या पातळीवर, काचेला चिकटून, दालचिनीच्या पुडीसारखी एक बारीक तपकिरी रेघ होती. हाताच्या बोटावर घेऊन तिने ती उजेडात धरली. आर्टेमियाच्या अंड्यांची टरफलं. खाऱ्या पाण्यात घालून हवा सोडली की दिवसाभरात ही धुळीएवढी अंडी फुटतात आणि नारिंगी, तुरुतुरु पोहणारे जीव बाहेर येतात. माशाच्या पिल्लांचं हे पहिलं जेवण. ते मिळत असताना कोरड्या दाण्याकडे कोण बघतो? आणि या टाकीत तिने ते एकदाही घातलं नव्हतं.

तिने पडदा बाजूला केला. प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगेमागे, प्लास्टर कालवायची हिरवी रबरी वाटी होती. कॉम्प्रेसरची बारीक नळी तिच्यात सोडलेली. पाणी खदखदत होतं आणि त्यात नारिंगी धुरळा नाचत होता.

तो मेण तापवत होता. त्याने वर पाहिलं आणि दिवा विझवला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"पाचव्या दिवसापासून."

"किती वाजता?"

"साडेसात."

"मी आठला येते." तिचा आवाज अगदी खाली होता. "सहा दिवस मी आठला येऊन उपाशी माशांसाठी जीव काढत होते, आणि ते साडेसातला जेवून बसलेले. तुम्ही समोर बसून बघत होतात. बशी हलवून देत होतात."

त्याने सांगितलं की चौथ्या दिवशी ती गेल्यावर त्याने त्या लहान्याचं पोट पाहिलं आणि त्याला राहवलं नाही. कोपऱ्यावरच्या पाळीव माशांच्या दुकानात विचारलं, दुकानदाराने ही अंडी दिली आणि म्हणाला जिवंत घाला, कुठलाही मासा खातो. खाल्लं. मग थांबवता येईना. हे सगळं तो हातातल्या मेणाकडे बघत सांगत होता.

"म्हणजे दया," ती म्हणाली.

"पहिले दोन दिवस दया."

"आणि पुढचे चार?"

त्याने हातातलं मेण खाली ठेवलं. कॉम्प्रेसर घरघरत राहिला.

"ते दाणा खायला लागले की तुम्ही यायच्या थांबणार," तो म्हणाला. "एवढा हिशेब मलाही येतो."

एखाद्या मुलीने ज्या वाक्याची आठ दिवस वाट पाहावी, ते वाक्य तिला असं मिळालं — ज्या तोंडाने तिची खोली घालवली, त्याच तोंडून. तिने नळी उपसली, वाटी उलटी केली, आणि निघून गेली. जाताना रडली की नाही हे त्याला कळलं नाही. रडली होती. पण त्या वाक्यासाठी नाही, असं तिने स्वतःला बजावलं.

अकराव्या दिवशी ती आली ती न बोलता. तोही पुढे झाला नाही. मग व्हायचं तेच झालं. बशीत दाणे सोडून ती बटणाकडे धावली, बटण दाबून परत येईपर्यंत दाणे टाकीभर झाले. पुन्हा सोडले, पुन्हा धावली. तिसऱ्या खेपेला पंप आपोआप थांबला. तो भिंतीशी उभा होता, बटणावर बोट, नजर जमिनीवर. लवकर आलेल्या डॉक्टरीणबाईंनी दारातून हे पाहिलं. रोज तुमची बडबड ऐकून माझे पेशंट हसत आत यायचे, त्या म्हणाल्या, आज काय झालं, दोघांचीही एकाच वेळी दाढ ठणकायला लागली का? 

बाराव्या दिवशी मासे खरंच भुकेले होते. दुसरा मासा बशीच्या कडेवर येऊन उतरला. त्याने एका दाण्याकडे एक डोळा फिरवला. अंग तिरकं केलं. टिपला... थुंकला. ती श्वास घ्यायची विसरली. पुन्हा टिपला. आणि गिळला.

शेजारी तो कधी येऊन बसला होता ते तिला माहीत नव्हतं. तिने त्याची बाही पकडली होती हेही तिला नंतर कळलं, हाताला प्लास्टर लागलेलं दिसलं तेव्हा. तिने हात काढून घेतला. पण लगेच नाही.

त्याच दिवशी पहिला, दुसऱ्या दिवशी तिसरा आणि चौथा. मामांच्या "खाल्लं?"ला प्रथमच "चार" असं उत्तर गेलं. मामा म्हणाले, बोली पाचांची होती.

पाचवा कपारीतून बाहेर आला नाही.

चौदाव्या दिवशी सकाळी तिने वही उघडलीच नाही. चित्र काढायची गरज नव्हती. लहान्याचं पोट आत ओढलेलं, डोक्यामागे खळगी, आणि शेपटीचा पंखा दगडाला टेकलेला. समोरून दाणा गेला तर डोळा फिरत होता, पण अंग हलत नव्हतं. ती कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. उपाशी ठेवलं तर उद्या संध्याकाळपर्यंत भुकेने दाणा उचलेलही. किंवा उद्या संध्याकाळी टाकीत चारच मासे असतील. आणि आता जिवंत दिलं, तर तो वाचेल. पण जिवंताची चव लागली की दोन-तीन दिवस दाण्याकडे बघणार नाही. मामा यायचे उद्या.

तो काही सुचवत नव्हता. त्याने हात पाठीमागे बांधून घेतले होते, जणू ते आपणहून काहीतरी करून बसतील.

"ती वाटी..." ती म्हणाली. "आहे अजून?"

"धुऊन ठेवलीय." तो जवळ आला. "हे बघा, एक दिवसाचा प्रश्न आहे. मी एकदा तुमचं नुकसान केलंय. दुसऱ्यांदा माझ्या वाटीने नको. कदाचित हा खाईलही उद्या."

"कदाचित," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण ती त्याच्याकडे सरळ बघत होती. "तुम्हाला चौथ्या दिवशी असंच झालं होतं का हो? हे असं... इथे?" तिने छातीवर हात ठेवला.

"हो."

"मग अंडी भिजवा."

त्याने अंडी भिजवली. इतकी हळुवार की कुठलीही कवळी त्याने इतक्या जपून हाताळली नसेल. त्या वाटीवर दोघं वाकली तेव्हा तिच्या ओल्या केसांचा वास लवंगतेलातूनही त्याच्यापर्यंत पोचला. दोघांनी एकमेकांची माफी मागितली नाही, आणि मागितल्यासारखंच झालं.

पंधराव्या दिवशी साडेसातला तिने ड्रॉपरने तो नारिंगी धुरळा कपारीपाशी सोडला, थेंब थेंब. लहान्याने आधी डोळा फिरवला. मग तोंड पुढे काढलं. मग असा काही खात सुटला की तिला हसूही आलं आणि हुंदकाही.

संध्याकाळी सहाला मामा आले. बाकावर गाल धरून बसलेले चार पेशंट होते, त्यांनाही काहीतरी मोठं चाललंय याची कुणकुण लागली आणि ते दुखणं विसरून टाकीकडे वळले. डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या हाताने दाणे सोडले. पंप थांबला. एक, दोन, तीन, चार मासे बशीवर उतरले आणि टिपू लागले. मामांचा चेहरा हलला नाही, पण त्यांनी चष्मा पुसला. पाचवा कपारीच्या तोंडाशी सुखाने बसून होता. दाणा त्याच्या नाकावरून घरंगळला तरी ढिम्म.

मामा वाकले. तीस वर्षं मासे पाहिलेला माणूस.

"हा उपाशी नाही," ते म्हणाले. "याला कोणीतरी जिवंत घातलंय."

"मी घातलं," पडद्याआडून आवाज आला. तो बाहेर आला, अंगावर तेच प्लास्टर. पाचव्या दिवसापासून आपण काय काय केलं ते त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, डॉक्टरीणबाईंच्या कॉम्प्रेसरसकट. हिच्या शिकवण्यात खोट नाही, माझ्यामुळे सहा दिवस गेले, असंही म्हणाला.

"यांनी सहा दिवस घातलं ते खरं," ती म्हणाली. "पण आजचं मी घातलं, मामा. संध्याकाळी काय होणार ते माहीत असून घातलं."

"यांनी" ऐकताच मामांनी चष्मा काढून भाचीकडे पाहिलं, मग त्या प्लास्टरमाखल्या माणसाकडे, मग पुन्हा भाचीकडे. बाकावरच्या एका पेशंटबाई गाल धरूनच हसल्या.

मामांनी निकाल उभ्याउभ्याच दिला. पाच मासे, दहा टाक्या, म्हणजे माशामागे दोन. चारांनी खाल्लं. आठ टाक्या तुझ्या, दोनात माझे दगड राहतील. डॉक्टरीणबाईंनीही आपला दिला: ज्या नळीची हवा माणसांच्या तोंडात जाते ती खारट वाटीत घातल्याबद्दल येत्या रविवारी सबंध कॉम्प्रेसर खोलून धुवायचा, एकट्याने.

सगळे पांगल्यावर तो तिला दारापर्यंत सोडायला आला. बाहेर रस्त्यावर दिवे लागत होते.

"दोन टाक्या गेल्या," तो म्हणाला.

"माझ्या सहा सकाळी वाया गेल्या त्या तुमच्या नावावर. टाक्या माझ्या नावावर."

"आता चार खातात. म्हणजे... येणं संपलं."

"पाचवा आहे ना."

"तोही शिकेल." तो चौकटीवर नखाने प्लास्टर खरवडत राहिला. "तो शिकल्यावरही ये. माशांसाठी नको. माझ्यासाठी ये."

ती पायरीवर थांबली. त्याच्या खांद्यावरची पूड तिने हाताने झटकली, नीट, वेळ घेऊन, दोन्ही खांद्यांची.

"आठला येईन," ती म्हणाली. "साडेसातला काही उद्योग करून ठेवू नकोस म्हणजे झालं."

सतराव्या दिवशी सकाळी पाचवा मासा आपणहून बशीवर उतरला आणि त्याने दाणा खाल्ला. काचेच्या दोन्ही बाजूंना माणसं होती, पण दोघांपैकी कोणाचंही लक्ष पाण्यात नव्हतं. पाहिलं ते डॉक्टरीणबाईंनी, आणि त्यांनी त्याची वाच्यता केली नाही. त्यामुळे शिकवणी आणखी तीन आठवडे चालली.

तेव्हा हिशेब असा. मामांच्या आठ टाक्या गेल्या, त्यांना त्याचं दुःख नव्हतं. तिच्या दोन गेल्या, त्याचा एक रविवार गेला. पण खरी किंमत मोजली ती त्या महिन्यात कवळीसाठी माप देऊन गेलेल्या तिघांनी. तिघांच्याही कवळ्या आठ-आठ दिवस उशिरा झाल्या, आणि तोवर ते बिचारे काय गिळून राहत होते, हे कोणाच्याही वहीत लिहिलेलं नाही.